घात समान असतील तर घातांकही समान? हा नियम कधी चालतो, कधी फसतो आणि कार्ले लेण्यांतल्या लाकडाशी त्याचा काय संबंध

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर अधूनमधून एक 'सिद्धता' फिरते. १ चा पहिला घात १ आहे आणि १ चा दुसरा घातही १ आहे. दोन्हीकडे पाया सारखा, उत्तर सारखे, मग घातांकही सारखे असले पाहिजेत. म्हणून १ = २. खाली आव्हान असते, 'चूक शोधून दाखवा!'

चूक एका ओळीत सांगता येते: घातांक समान मानण्याचा नियम १ या पायाला लागू होत नाही. पण तो १ ला का लागू होत नाही आणि २ किंवा १० ला का होतो, हे कळले की गमतीच्या कोड्यापलीकडचे बरेच काही उलगडते. लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यांत छताला असलेल्या लाकडी कमानींचे वय विज्ञान ज्या पद्धतीने काढू शकते, ती याच नियमावर उभी आहे.

थोडक्यात उत्तर

• पाया धन असेल आणि तो १ नसेल, तर समान घातांवरून घातांक समान आहेत असे म्हणता येते.
• पाया १, ० किंवा −१ असेल, तर असे म्हणता येत नाही.
• −२, −३ यांसारख्या इतर ऋण पायांसाठी नियम फक्त पूर्णांक घातांकांपुरता चालतो.
• घड्याळासारख्या, फिरून पुन्हा तिथेच येणाऱ्या गणितात हा नियम जसाच्या तसा चालत नाही.

पाया, घातांक आणि घात म्हणजे काय?

२ ला २ ने पुन्हा पुन्हा गुणले, २ × २ × २ × २ × २, तर ३२ येतात. हेच थोडक्यात '२ चा पाचवा घात' असे म्हणतात. यात २ हा पाया, ५ हा घातांक आणि ३२ हे उत्तर. वहीत घातांक पायाच्या उजवीकडे वर, बारीक अक्षरात लिहितात. फोनवर तसे लिहिणे अवघड जाते, म्हणून २^५ अशी खूण वापरतात. या लेखातही तीच खूण वापरली आहे.

घातांक शून्य असेल तर उत्तर १ येते (पाया शून्य नसेल तर). घातांक ऋण असेल तर भागाकार होतो: २^−३ म्हणजे १ भागिले ८. घातांक अपूर्णांकही असू शकतो: ९^(१/२) म्हणजे ९ चे वर्गमूळ, ३.

नियम काय सांगतो?

अ^म = अ^न असेल, तर म = न. अट एकच: अ ही धन संख्या हवी आणि ती १ नसावी.

शिष्यवृत्तीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नांत याचा रोज उपयोग होतो. २^क = ३२ असेल तर क किती? ३२ म्हणजे २^५. दोन्हीकडे पाया २, म्हणून क = ५. पाया वेगळे दिसत असतील तर आधी ते एकसारखे करून घ्यावे लागतात. ८^क = ३२ यात ८ म्हणजे २^३ आणि ३२ म्हणजे २^५. डावीकडे २^(३क) आणि उजवीकडे २^५, म्हणून ३क = ५ आणि क = ५/३.

हे खरे का आहे?

समजा अ^म = अ^न. दोन्ही बाजूंना अ^न ने भागले तर अ^(म−न) = १ उरते. आता सगळा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतो: अ चा कोणता घात १ होतो?

अ ही १ पेक्षा मोठी असेल, उदाहरणार्थ २, तर धन घातांक उत्तराला १ च्या वर नेतो आणि ऋण घातांक १ च्या खाली. १ वर राहायचे असेल तर घातांक शून्यच हवा. अ ही ० आणि १ च्या मधली असेल, उदाहरणार्थ अर्धा, तर नेमके उलटे होते: धन घातांक उत्तराला खाली आणतो, ऋण घातांक वर नेतो. तिथेही १ मिळवण्याचा मार्ग एकच, घातांक शून्य. म्हणजे म − न = ०, अर्थात म = न.

साध्या शब्दांत, असा पाया पायऱ्यांच्या वाटेसारखा असतो. प्रत्येक पावलाला उंची बदलते आणि एकाच दिशेने बदलते. म्हणून उंची कळली की किती पावले झाली हेही कळते.

कोणते पाया नियम मोडतात?

*पाया १.* १ चा कोणताही घात १ च. १^५ = १^९९ = १^२०२५. ही वाट सपाट आहे. कितीही चालले तरी उंची तीच, म्हणून उंचीवरून पावले मोजता येत नाहीत. '१ = २' च्या सिद्धतेतली चूक हीच आहे.

*पाया ०.* ०^३ = ०^८ = ०. वरची सिद्धता इथे सुरुवातीलाच अडते, कारण भागाकार शून्याने करावा लागेल आणि तो करता येत नाही.

*पाया −१.* (−१)^२ = १, (−१)^४ = १, (−१)^६ = १. दोन जागांमध्ये नुसते ये-जा चालते. उत्तरावरून घातांक सम आहे की विषम एवढेच सांगता येते.

*इतर ऋण पाया.* (−२)^म = (−२)^न आणि म, न पूर्णांक असतील तर म = न हे खरे आहे. चिन्ह बाजूला ठेवले तरी २, ४, ८, १६ असा आकार दर पावलाला बदलतोच. पण घातांक अपूर्णांक झाले की गोंधळ होतो. (−८)^(१/३) म्हणजे −८ चे घनमूळ, −२. हाच घातांक २/६ असा लिहून आधी वर्ग केला तर ६४ चे सहावे मूळ, म्हणजे २ येते. एकाच गोष्टीची दोन उत्तरे. म्हणूनच घातांकांच्या सर्वसाधारण नियमात पाया धन असावा अशी अट असते.

एक कोडे, तीन उत्तरे

पायाच अज्ञात असेल तेव्हा हे अपवाद विसरणे महागात पडते. क पूर्णांक आहे असे धरून हे समीकरण सोडवायचे आहे:

(क − ३)^क = (क − ३)^४

पाया सारखा, म्हणून क = ४, असे चटकन लिहिले जाते. ते उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. क = ३ घेतला तर पाया ० होतो: ०^३ = ०^४, हेही खरे. क = २ घेतला तर पाया −१ होतो: (−१)^२ = १ आणि (−१)^४ = १, हेही खरे. म्हणून उत्तरे तीन: २, ३ आणि ४. पाया अज्ञात असेल तर तो १, ०, −१ होतो का, हे वेगळे तपासावेच लागते.

पेटीतले पैसे आणि बँकेतली ठेव

घरातल्या पेटीत १०,००० रुपये ठेवले. काही वर्षांनी पेटी उघडली, तर १०,००० रुपयेच निघतील. ते १ वर्ष पडून होते की २०, हे रकमेवरून कळणार नाही. दरवर्षी रक्कम १ ने गुणली जाते आहे. पाया १ आहे.

तेच पैसे वर्षाला ७ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले, तर रक्कम दरवर्षी १.०७ ने गुणली जाते. एके दिवशी खात्यात सुमारे १४,०२६ रुपये दिसले, तर ठेव किती वर्षांची? १४,०२६ भागिले १०,००० म्हणजे साधारण १.४०२६, आणि १.०७^५ तेवढेच येते. म्हणून ५ वर्षे. पाया १ नसल्यामुळे रकमेतून काळ वाचता आला.

रकमेच्या जागी कार्बन ठेवला की हाच हिशेब दोन हजार वर्षे मागे नेतो.

कार्ले आणि भाजे: दगडातल्या लेण्यांत लाकूड

मावळात मळवली स्टेशनच्या एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे अशी बौद्ध लेणी आहेत. एकवीरा देवीचे मंदिर कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या अगदी शेजारी असल्याने कोकणातून आणि मुंबईतून येणाऱ्या भाविकांना ही जागा परिचित आहे. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. डोंगर कोरून केलेल्या या दालनाच्या छताला आतून लाकडी कमानी बसवल्या आहेत. स्तूपावर लाकडी छत्रीही आहे. भाज्याच्या चैत्यगृहातही अशा लाकडी कमानी दिसतात. छत दगडाचेच असल्याने ते तोलायला या कमानींची गरज नाही. आधीच्या काळातल्या लाकडी इमारतींची घडण दगडात आणताना कारागिरांनी ती पद्धत सोबत ठेवली.

भाज्याचे चैत्यगृह साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, तर कार्ल्याचे इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतले मानले जाते. कार्ल्याच्या काळाचा अंदाज मुख्यतः शिलालेखांवरून येतो. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आणि सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी यांची नावे तिथल्या लेखांत आहेत. पण शिलालेख नसता तर? तेव्हा लाकूड उपयोगी पडते.

लाकडातले घड्याळ कसे चालते?

जिवंत झाड हवेतला कार्बन घेत असते. त्यात बहुतेक कार्बन-१२ असतो आणि अत्यंत थोडा कार्बन-१४. कार्बन-१२ स्थिर आहे, कितीही काळ गेला तरी तो तेवढाच राहतो. कार्बन-१४ किरणोत्सर्गी आहे, त्याचा हळूहळू ऱ्हास होतो. झाड तोडले की नवा कार्बन आत येणे थांबते आणि असलेला कार्बन-१४ घटत जातो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. यालाच अर्धायुष्य म्हणतात.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विलार्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत यावरून वय काढण्याची पद्धत उभी केली. त्यासाठी त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

५,७३० वर्षांत निम्मा, म्हणजे दर हजार वर्षांनी साधारण ०.८८६ पट उरतो. शंभरातले ८८.६. हा झाला पाया. घातांक म्हणजे किती हजार वर्षे झाली:

• १ हजार वर्षांनी: ०.८८६^१, म्हणजे ८८.६ टक्के
• २ हजार वर्षांनी: ०.८८६^२, म्हणजे ७८.५ टक्के
• ३ हजार वर्षांनी: ०.८८६^३, म्हणजे ६९.६ टक्के

आता समजा, एखाद्या जुन्या लाकडी कमानीच्या तुकड्यात ७८.५ टक्के कार्बन-१४ उरलेला सापडला. समीकरण होते ०.८८६^क = ०.७८५. उजवी बाजू म्हणजे ०.८८६^२. पाया धन आहे आणि १ नाही, म्हणून क = २. लाकूड सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे.

याच्या शेजारी कार्बन-१२ ठेवून पाहावा. त्याचा पाया १ आहे: १^क = १, क कितीही असो. नुसता कार्बन-१२ मोजून लाकूड कालचे की सातवाहनांच्या काळातले, हे कधीच कळणार नाही. पण त्याचा दुसरा उपयोग होतो. तो बदलत नाही, म्हणूनच कार्बन-१४ किती घटला हे त्याच्याशी तुलना करून मोजता येते. एकाच लाकडात दोन कार्बन आहेत. ज्याचा पाया १ नाही तो काळ सांगतो, ज्याचा पाया १ आहे तो मापाला आधार देतो.

मग लेण्याच्या भिंतीचे वय का काढत नाहीत?

भिंतीचा दगड बेसॉल्ट आहे, दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्ह्यातून तयार झालेला. त्याचे वय काढता येते आणि त्यासाठीही हेच समीकरण लागते, फक्त पाया वेगळा. खडकातल्या पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. त्याच्या ऱ्हासातून तयार होऊन खडकात अडकलेला आरगॉन वायू मोजतात. दख्खनच्या लाव्ह्याचे वय यावरून सुमारे साडेसहा कोटी वर्षे येते.

पण हे वय लाव्हा थंड झाल्याचे आहे, लेणे कोरल्याचे नाही. छिन्नीने दगड फोडला म्हणून त्यातले पोटॅशियम पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागत नाही. लाकडाच्या बाबतीत मात्र झाड तोडणे आणि कमान बसवणे या दोन घटना बहुधा जवळच्या असतात. म्हणून लेण्याच्या काळाबद्दल लाकूड काही सांगू शकते.

त्यातही 'बहुधा' महत्त्वाचे आहे. जुन्या इमारतीचे लाकूड पुन्हा वापरले असेल, तर उत्तर लेण्यापेक्षा जुने येईल. मोठ्या झाडाच्या गाभ्यातला तुकडा घेतला, तरीही तसेच होईल. नंतरच्या दुरुस्तीतले लाकूड निघाले, तर उत्तर अलीकडचे येईल. गणित लाकडाचे वय देते, ते लेण्याचे वय आहे की नाही हे पुरातत्त्वज्ञांना ठरवावे लागते. मोजणीतल्या चुकीचाही विचार करावा लागतो: कार्बन-१४ च्या प्रमाणात १ टक्क्याची चूक झाली तर वयात साधारण ८३ वर्षांचा फरक पडतो.

घातांक एकच, तरी तारीख एकच का नसते?

वरच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली होती: झाड जिवंत असताना हवेतला कार्बन-१४ आजच्याइतकाच होता. प्रत्यक्षात तो काळानुसार थोडा कमी-जास्त झाला आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी तर उत्तर गोलार्धाच्या हवेत तो जवळजवळ दुप्पट केला. म्हणून या पद्धतीत 'आज' म्हणजे १९५० साल धरतात.

हा फरक दुरुस्त करण्यासाठी वैज्ञानिकांनी झाडांच्या वार्षिक वलयांचा आधार घेतला. ज्या वलयाचे साल मोजून माहीत आहे, त्यातला कार्बन-१४ तपासून एक आलेख तयार केला. हा आलेख सरळ उतरत नाही, त्यात चढ-उतार आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे ८०० ते ४०० या काळात तर तो जवळजवळ सपाट आहे. या चार शतकांतली लाकडे कार्बन-१४ चे जवळपास सारखेच माप देतात. समीकरणाने एकच घातांक दिला, पण दिनदर्शिकेवर त्याला अनेक वर्षे जुळतात. सपाट वाटेची अडचण इथे वेगळ्या रूपात परत येते.

पुणे जिल्ह्यातच याचे उदाहरण आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची ही वस्ती. तिचा काळ कार्बन-१४ च्या आधारे साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० असा मांडला गेला. त्याचे अलीकडचे टोक याच सपाट पट्ट्यात येते. त्यामुळे वस्ती नेमकी कधी संपली, यासाठी खापरे, थर आणि इतर पुरावेही तपासावे लागतात.

नाणी तोलणारा गणितज्ञ

जे एकाच दिशेने बदलते त्यावरून काळ ओळखायचा, ही कल्पना महाराष्ट्रात एका गणितज्ञाने वेगळ्या ठिकाणी वापरली. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. कार्ल्याचे शिलालेख आणि तिथले देवीस्थान यांचाही त्यांनी अभ्यास केला.

प्राचीन आहत नाणी त्यांनी एकेक करून तोलली. नाणे जितका काळ हातोहात फिरते तितके झिजते आणि वजन घटते. या झिजेवरून त्यांनी नाण्यांचा क्रम लावला. झिजेचा हिशेब घातांकांचा असेलच असे नाही, पण अट तीच आहे: वजन घटतच गेले पाहिजे. न झिजणाऱ्या नाण्यावरून काहीच कळले नसते.

लोणावळ्याची उंचीही याच नियमात

मुंबईहून नेलेले वेफर्सचे पाकीट लोणावळ्यात फुगलेले दिसते. घाट चढताना बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, पाकिटातली हवा मात्र तेवढीच असते. हवेचा दाब दर किलोमीटर उंचीला साधारण ०.८८ पट होतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ०.६२ किलोमीटर उंचीवर आहे. तिथे दाब मुंबईपेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी असतो.

इथे पाया ०.८८ आणि घातांक म्हणजे उंची. दाब मोजला की उंची कळते. काही फोनमध्ये आणि ट्रेकिंगच्या घड्याळांत दाब मोजणारा भाग असतो, तो याच तत्त्वावर उंची दाखवतो. लोहगडाहून विसापूर सुमारे ५० मीटर उंच आहे, हा फरक अशा घड्याळात दिसू शकतो. मात्र पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा आला की आकडा सरकतो, कारण समुद्रसपाटीचा दाबच बदललेला असतो. सुरुवातीचा आकडा चुकला की घातांकही चुकतो. कार्बन-१४ च्या बाबतीत झाले तसेच.

लॉगरिदम म्हणजे याच नियमाचे दुसरे नाव

दहाचा कोणता घात १,००० होतो? तिसरा. म्हणून १,००० चा १० या पायावरचा लॉगरिदम ३. 'कोणता घातांक?' या प्रश्नाचे एकच उत्तर असेल, तरच त्या उत्तराला नाव देता येते. म्हणूनच १ या पायावर लॉगरिदम नसतो. '१ चा कोणता घात ५ होतो?' याला उत्तरच नाही आणि '१ चा कोणता घात १ होतो?' याला हवी तेवढी उत्तरे आहेत.

घड्याळाच्या गणितात काय होते?

२ च्या घातांना ७ ने भागून बाकी लिहिली तर २, ४, १, २, ४, १ असा फेरा सुरू राहतो. २^१ आणि २^४ यांची बाकी सारखीच, २. इथे बाकी समान असेल तर घातांक समान असतीलच असे नाही. त्यांच्यातला फरक ३ च्या पटीत आहे एवढेच म्हणता येते.

७ च्या जागी प्रचंड मोठी संख्या योग्य प्रकारे निवडली, तर बाकीवरून मूळ घातांक शोधणे संगणकालाही अतिशय कठीण होते. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी गुप्त किल्ली ठरवण्याची पद्धत याच अडचणीवर उभारली. इंटरनेटवरच्या सुरक्षित संभाषणात तिची पुढची रूपे वापरली जातात. घातांक सहज ओळखता येणे लाकडाच्या वयासाठी उपयोगाचे, तर तो ओळखता न येणे गुप्ततेसाठी उपयोगाचे.

नेहमी होणाऱ्या चुका

*पाया वेगळे असताना घातांक जुळवणे.* ४^३ = २^६ = ६४. उत्तर समान, घातांक वेगळे. आधी पाया एक करावा लागतो.

*घातांक समान म्हणून पाया समान मानणे.* ३^२ = (−३)^२ = ९. घातांक सम असेल तर पायाचे चिन्ह लपते.

*बेरजेत घातांक जुळवणे.* २^३ + २^३ = २^४, कारण ८ + ८ = १६. बेरीज असेल तर थेट ३ + ३ = ४ असे जुळवता येत नाही. दोन्ही बाजूंना एकेकच घात असायला हवा.

*पायाच्या जागी अक्षर असताना अपवाद न तपासणे.* वरच्या कोड्यात यामुळेच दोन उत्तरे निसटली.

पुढचा फॉरवर्ड आला तर

अशी 'सिद्धता' समोर आली की तीन गोष्टी तपासाव्यात. दोन्हीकडे पाया खरोखर सारखा आहे का? तो १, ० किंवा −१ तर नाही? पाया ऋण असेल तर घातांक पूर्णांकच आहेत का? '१ = २' ची सिद्धता दुसऱ्याच प्रश्नावर पडते. कार्ल्याच्या छताखाली उभे राहूनही हाच प्रश्न विचारता येतो: इथले काय बदलत गेले आणि काय तसेच राहिले? कमानीतला कार्बन-१४ बदलत गेला, म्हणून त्या झाडाला तोडून किती वर्षे झाली ते विचारता येते.